विजयदुर्ग ते गिर्ये : शिडाच्या मचव्यातील फेरी

विजयदुर्गच्या धक्क्यावरून वाघोटणच्या खाडीत, गिर्ये येथील मराठेकालीन गोदीपर्यंत नेऊन आणणारी मचव्याची फेरी एका स्थानिक व्यावसायिकाने सुरू केली असून, एकोणिसाव्या शतकातील उतारूंचा प्रवास तीत अनुभवता येईल, असे जाहिरातीत म्हटले आहे. दोन तासांसाठी माणशी सहाशे रुपये भाडे रास्त आहे. आश्वासन मात्र अर्धेच पाळले जाते.

जमेची बाजू म्हणजे तांडेल, अर्थात मचवा हाकणारा मुख्य खलाशी. जाताना इंजिन चालू असते, परतताना ते बंद करून शीड चढवतात, आणि मचव्याचे तोंड फिरवताना शिडाची लांब काठी डोलकाठीच्या पुढून पलीकडे कशी न्यायची, हे तो सांगत बसण्याऐवजी करूनच दाखवतो. फडफडणारे शीड डोक्यावरून जाते, तेव्हा साऱ्यांना वाकून दुसऱ्या बाजूला सरकावे लागते. मालाच्या गलबतात उतारूंची किंमत किती होती, ते तेवढ्यात कळते.

माहिती सांगणारा तरुण मात्र विजयदुर्गच्या मराठा आरमारप्रमुखांच्या, म्हणजे धुळपांच्या, आरमारातून बाहेरच येत नाही. (लढाया ऐकायला कोणाला आवडत नाहीत?) नारळी पौर्णिमेनंतर बंदरे खुली झाली की मजुरीसाठी मुंबई गाठणारे आणि भातलावणीआधी परतणारे हजारो कोकणी लोक, १८५० नंतर निघालेल्या गिरण्यांकडे वळलेली माणसे, यांचा तो उल्लेखही करीत नाही. त्यांना फत्तेमारी या मालवाहू गलबतावर नारळ, काथ्या वा लाकडाच्या राशीवर जागा मिळे. उघड्या हंगामात किनाऱ्यावर वायव्येचा वारा असल्याने मुंबईकडे जाणे म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जाणे. म्हणून रात्री-पहाटे जमिनीकडून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे, दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर किनाऱ्याकडे यायचे आणि वारा पडला की नांगर टाकून थांबायचे, असा तो प्रवास असे. पोहोचण्याचा दिवस तांडेलही सांगू शकत नसे, त्यामुळे शिदोरी हिशेबापेक्षा जास्तच बांधावी लागे. सोवळे पाळणाऱ्यांची तर दशम्या-पोह्यांवरच भिस्त.

धक्क्यावरील फलकावर आगबोटी येताच शिडे गेली, असे लिहिले आहे, ते चूक आहे. उतारू आगबोटींकडे वळले तरी मालवाहतूक विसाव्या शतकातही बराच काळ शिडांवर चालली, आणि आगबोटीच्या उतारूलाही अनेक बंदरांत पडावातूनच, म्हणजे लहान होडीतूनच, किनारा गाठावा लागे. फलक बदलणे अवघड नाही.

लहान मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे नव्हती, ही गंभीर उणीव आहे. जागा राखताना भरतीची वेळ अवश्य विचारावी. ओहोटीला गोदीपाशी मचवा लागत नाही आणि गुडघाभर चिखल तुडवावा लागतो.