स्मरणशक्ती आणि सिगारेट: पुरुषांचे निष्कर्ष, स्त्रियांचे निष्कर्ष

लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल २' हा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. त्यातल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या आणि दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या आकलनक्षमतेच्या, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्तीच्या, चाचण्यांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुरुषांचं चित्र स्पष्ट होतं. सिगारेट ओढणाऱ्यांची आकलनक्षमता न ओढणाऱ्यांपेक्षा वेगाने घसरत होती. सिगारेट सोडून दहा वर्षं उलटलेल्यांमध्ये मात्र हा जादा वेग दिसला नाही. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. पन्नाशीतल्या माणसालाही 'आता सोडून काय उपयोग?' असं म्हणायला जागा उरत नाही.

स्त्रियांमध्ये असा संबंध आढळला नाही. पण म्हणून बायकांना सिगारेट बाधत नाही असं समजू नका! अभ्यासात त्यांची संख्या कमी होती, आणि संबंध न दिसणं म्हणजे धोका नसणं नव्हे.

हृदयाकडे पाहिलं तर दोघांमधलं अंतर कमी होतं. धुरामुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, मेंदूतल्या बारीक वाहिन्यांचंही. स्त्रियांमध्ये हृदयविकार साधारणपणे उशिरा, रजोनिवृत्तीनंतर वाढतो, त्यामुळे रक्तदाब तपासायचं राहून जातं. आपल्याकडे अनेक घरांत बायका सिगारेटला शिवत नाहीत, पण मिश्री लावतात. तीही तंबाखूच, आणि निकोटिनने रक्तदाब चढतो. डॉक्टरांनी विचारलं तर मिश्रीचंही सांगा.