कुठल्या पात्राला काय ठाऊक: डॉक, तक्ता की गुप्त चॅनेल?

चार-पाच जण मिळून सायबरपंक रोलप्ले (कंपन्या आणि यंत्रांच्या भविष्यातली, प्रत्येकाने आपापलं पात्र घेऊन लिहायची कथा) लिहायला लागले की कुरबूर बहुधा एकाच प्रश्नावरून सुरू होते: ‘तुझ्या पात्राला हे कळलं कधी?’

भविष्यातलं नाशिक घ्या. गंगापूर धरणाचं पाणी एका कंपनीच्या ताब्यात आहे आणि तिचे सर्व्हर सातपूर एमआयडीसीतल्या एका बंद शेडमध्ये आहेत. पंचवटीतली हॅकर ‘घार’ हिला त्या शेडचा पत्ता लागलाय. द्वारकेवर माल पोचवणाऱ्या ‘काजव्या’ला लागलेला नाही. पण काजवा लिहिणाऱ्याने घारचा प्रसंग वाचलेला असतो, आणि दोन प्रसंगांनी काजवा ‘सहजच’ सातपूरकडे वळतो.

कुणाला काय ठाऊक याच्या नोंदीसाठी सगळ्यांचा मिळून एकच गूगल डॉक ठेवणं सर्वांत सोपं. कुणी काय बदललं तेही मागे जाऊन पाहता येतं. मात्र त्यातला एखादाच भाग एखाद्यापासून लपवता येत नाही. सगळी भिस्त लिहिणाऱ्याच्या संयमावर. दोघांच्या छोट्या कथेला हे पुरतं.

गुप्त चॅनेलची गंमत वेगळीच. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर प्रत्येक पात्राचं खासगी चॅनेल ठेवलं की धक्का बसतो तो लिहिणाऱ्यालाही, आणि तो आनंद खरंच मोठा आहे. पण सगळं ठाऊक असलेला सूत्रधार एकटाच उरतो. तो परीक्षेत किंवा लग्नसराईत अडकला की कथा थांबते, आणि त्याची विसंगती पकडणारं दुसरं कुणी नसतं.

माझं मत तक्त्याच्या बाजूने आहे. आडव्या ओळीत एकेक माहिती, उभ्या रकान्यात एकेक पात्र. चौकटीत नुसतं ‘हो’ लिहून भागत नाही: कुठल्या प्रसंगात कळलं, कुणाकडून कळलं, आणि कथेतली तारीख काय. प्रसंग मागेपुढे लिहिले जातात, त्यामुळे लिहिल्याची तारीख इथे कामाची नाही. ‘चुकीचं समजतो’ अशीही नोंद हवी, कारण या प्रकारच्या कथेत आठवणी विकत मिळतात, बनावट निघतात, पुसल्याही जातात. घारची आठवण पुसली गेली तर तिची चौकट रिकामी करू नका. ‘प्रसंग १४ पर्यंत ठाऊक, पुढे पुसलं’ असं लिहा. तिला ते ठाऊक होतं हे इतरांच्या लक्षात असतं, आणि पुढचं सगळं नाट्य त्यातूनच निघतं.

एक सावधगिरी: गूगल शीट्समध्ये लपवलेली शीट एडिटचा हक्क असलेल्या कुणालाही उघडता येते. रहस्यं तिथे ठेवू नका.

गट तीन ते सहा जणांचा आणि कथा महिनोन्‌महिने चालणार असेल, तर तक्ताच घ्या. एखाद-दुसरं मोठं गुपित तेवढं चॅनेलमध्ये ठेवा, आणि ते फुटलं की त्याच दिवशी तक्त्यात उतरवा. तक्ता सांभाळायचं काम मात्र आळीपाळीने करा.