टॉकिंग हेड्स: आठ स्टुडिओ रेकॉर्ड आणि मैफिलीची एक

शिष्यांमध्ये समेवरून, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा कुठे यावरून, वाद पेटला की मी तबला बाजूला सारते आणि टॉकिंग हेड्स या न्यूयॉर्कच्या बँडचं 'वन्स इन अ लाइफटाइम' लावते. दर शनिवारी सकाळी न्यू जर्सीत, एडिसनला, आमच्या तळघरात सात मुलं माझ्याकडे तबला शिकायला येतात. सगळी इथेच जन्मलेली, पण समेवरून भांडायला कमी नाहीत. मी सुई ठेवते आणि म्हणते, "चला, टाळी द्या." अर्धी मुलं एका जागी टाळी देतात, अर्धी दुसऱ्याच जागी, आणि गाणं विरत जाईपर्यंत कुणीच आपली जागा सोडत नाही. सोडायची गरजही पडत नाही.

त्याला कारण आहे. हे गाणं १९८० साली बहामातल्या नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत आकाराला येत होतं, तेव्हा निर्माता ब्रायन ईनो सम भलतीकडेच धरून बसला होता. बँडमधले चौघं जिला तिसरी मात्रा म्हणत होते, तिला तो पहिली समजत होता. चारच्या आवर्तनातली तिसरी म्हणजे दुप्पट करून मोजली तर आठातली पाचवी, म्हणजे आपल्या आठ मात्रांच्या केरव्यात जिथे खाली, टाळी न देता हात मोकळा सोडायची मात्रा, येते नेमकी तीच जागा. बँडची खाली ती ईनोची सम, आणि ईनोची खाली ती बँडची सम! दुसऱ्या कुणी ही चूक दुरुस्त करून टाकली असती. इथे दोन्ही जागांना मुद्दाम वजन दिलं गेलं. गाणं दोन्ही पायांवर उभं आहे, म्हणून ते ऐकताना अंग एकदा इकडे आणि एकदा तिकडे झुकतं.

गेल्या दीड वर्षात मी टॉकिंग हेड्सच्या आठही स्टुडिओ रेकॉर्ड एलपीवर जमवल्या. त्यांशिवाय 'स्टॉप मेकिंग सेन्स' ही मैफिलीची रेकॉर्डही घेतली. यातली कुठली घ्यावी, कुठली थांबली तरी चालेल, आणि कुठून ऐकायला लागावं, हे सांगावं म्हणून लिहायला बसले. ज्यांच्या कानांना ठेका ओळखीचा आहे त्यांनी हा बँड ऐकलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पहिली घ्या 'रिमेन इन लाइट', ऑक्टोबर १९८० ची. पहिल्या बाजूला तीन गाणी, दुसऱ्या बाजूला पाच, सगळी मिळून चाळीसेक मिनिटं. त्या दिवसांत बँडवर आणि ईनोवर नायजेरियाच्या फेला कुटीच्या संगीताचा मोठा पगडा होता. आधी गाणं लिहायचं आणि मग त्याला ताल जोडायचा ही नेहमीची रीत त्यांनी मोडली. स्टुडिओत आधी ठेके वाजवले, एकेक तुकडा पुन्हा पुन्हा, मिनिटंच्या मिनिटं, न बदलता. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. शब्द सगळ्यात शेवटी आले. पश्चिमेकडची गाणी स्वरसंगती बदलत पुढे सरकतात, इथे तसं जवळपास काहीच बदलत नाही. एकच सूर धरून ठेवलाय, तंबोऱ्यासारखा, आणि जे काही घडतं ते लयीत घडतं.

बँडमधल्या टीना वेमथचा बेस गिटार इथे आपल्या लेहऱ्याचं काम करतो. एकल तबल्याला पेटीवाला तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहतो आणि तिच्या भरवशावर तबलजी हवं ते धाडस करतो, अगदी तसं. 'वन्स इन अ लाइफटाइम'मध्ये तिची छोटीशी चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत ढळत नाही. 'द ग्रेट कर्व्ह'मध्ये त्या खालच्या थरावर एड्रियन ब्यूलूची गिटार अक्षरशः किंचाळते, मागे नोना हेंड्रिक्सचा आवाज असतो, आणि एवढं सगळं चालू असून काहीही विस्कटत नाही. हे ठेका धरणाऱ्यांचं श्रेय आहे. या बँडबद्दल लिहिणारे बहुतेक जण गायक डेव्हिड बर्नबद्दलच लिहितात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. बर्न मोठाच आहे. त्याचा तो तुटक, घाबरल्यासारखा आवाज दुसऱ्या कुणाचा नाही. 'वन्स इन अ लाइफटाइम'मध्ये तो रेडिओवरच्या धर्मोपदेशकांसारखा बोलत सुटतो, ते तर अफलातून. पण टीना आणि तिचा नवरा, ड्रम वाजवणारा ख्रिस फ्रान्झ, खाली घट्ट बसलेत म्हणून त्याला वर इतकं मोकळं होता येतं. एकदा पूर्ण रेकॉर्ड फक्त बेस आणि ड्रमवर कान ठेवून ऐका.

मी आधी या रेकॉर्डची जुनी प्रत घेतली होती. एका विक्रेत्याने 'उत्तम स्थितीत' म्हणून पाठवली. पहिली बाजू स्वच्छ, पण दुसऱ्या बाजूला 'लिसनिंग विंड'च्या मध्यावर सुई अडकायची आणि तेच अर्धं आवर्तन फिरत राहायचं. पैसे परत मिळाले नाहीत. त्यामुळे जुनी प्रत घेणार असाल तर दुसरी बाजू शेवटपर्यंत वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका. नंतर मी नवीन छापलेली घेतली. तिचा बेस गच्च आणि खोल आहे, कुठे खरखर नाही.

आता सुरुवातीकडे येते. बर्न, ख्रिस आणि टीना ऱ्होड आयलंडच्या डिझाइन कॉलेजात एकत्र होते. तिथून न्यूयॉर्कला आले, क्रिस्टी स्ट्रीटवर एका लॉफ्टमध्ये राहिले, आणि १९७५ च्या जूनमध्ये बावरी रस्त्यावरच्या सीबीजीबी क्लबात रमोन्स या पंक बँडच्या आधी पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. टीना मुळात बेस वाजवणारी नव्हतीच, या बँडसाठी ती तो शिकली. मॉडर्न लव्हर्स या बँडमधून आलेला जेरी हॅरिसन कीबोर्ड आणि गिटार घेऊन सामील झाला आणि चौघं पुरे झाले. पहिली रेकॉर्ड 'टॉकिंग हेड्स: ७७'. ती कोरडी आहे, हाडं दिसावीत इतकी सडपातळ. 'सायको किलर'च्या सुरुवातीचा बेस लहान मुलालाही गुणगुणता येतो. आजूबाजूला पंक बँडवाले चामड्याची जाकिटं घालून गिटारी बडवत होते. हे मात्र साध्या शर्टात उभे राहून स्वच्छ, नेमकं वाजवत होते. पंकच्या शेजारीच उगवलेली ही शैली, न्यू वेव्ह, म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी याच रेकॉर्डकडे बोट दाखवते.

दुसरी, १९७८ ची 'मोर साँग्ज अबाउट बिल्डिंग्ज अँड फूड'. ईनो इथून आत आला. तिच्यात अल ग्रीनचं 'टेक मी टू द रिव्हर' आहे आणि ते मूळ गाण्यापेक्षा संथ केलंय. लय उतरवली की सगळं उघडं पडतं, हे प्रत्येक तबलजीला ठाऊक असतं, विलंबितात लपायला जागा नसते. फ्रान्झ तिथे कुठेही घाई करत नाही. मला त्याचा आदर वाटायला लागला तो या गाण्यापासून.

तिसरी 'फिअर ऑफ म्युझिक', १९७९. हिच्यासाठी तरी एलपीच घ्या, कारण कव्हर हाताळण्याजोगं आहे. काळंभोर, वर चित्र नाही, आणि सगळ्या पृष्ठभागावर उठावाची नक्षी. एसटीच्या पायरीवर असतो ना चेकर पत्रा, अगदी तसा. ते जेरी हॅरिसनने केलंय. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी किती तरी वेळ त्यावरून बोटं फिरवत बसले. लहानपणी मिरज स्टँडवर सांगलीच्या गाडीत चढताना तळव्याला लागायचे ते उंचवटे आठवले. रेकॉर्डचा पाया ख्रिस आणि टीनाच्या लाँग आयलंड सिटीतल्या राहत्या लॉफ्टमध्ये रचला गेला. ध्वनिमुद्रणाची गाडी खाली रस्त्यावर उभी आणि तिच्या वायरी वर घरात घेतलेल्या. पहिलंच गाणं 'आय झिम्ब्रा'. त्याचे शब्द ह्यूगो बाल या दादावादी, म्हणजे मुद्दाम अर्थ मोडणाऱ्या कलाचळवळीतल्या, कवीचे, आणि त्यांना अर्थ नाही. अर्थ नसलेले बोल लयीत म्हणायचे हे आमच्या घरात नवं नाही. तराण्यात आणि पढंतीत, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणताना, आम्ही दुसरं काय करतो? माझ्या शिष्यांनी ते गाणं दोन शनिवारांत पाठ केलं. त्यात रॉबर्ट फ्रिपची गिटार आहे, आणि पुढच्या वर्षीच्या 'रिमेन इन लाइट'चं बी याच गाण्यात आहे. बाकीची रेकॉर्ड अंधारी आहे, रात्री एकटीने ऐकायची.

'रिमेन इन लाइट'नंतर बँडमध्ये कुरबुरी सुरू झाल्या. कुठल्या गाण्याचं श्रेय कुणाचं, हा मुद्दा होताच. ख्रिस आणि टीनाने १९८१ मध्ये टॉम टॉम क्लब काढला. त्यांचं 'जीनियस ऑफ लव्ह' लावलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "ताई, हे तर मराया कॅरीचं गाणं आहे!" तिने 'फँटसी' ऐकलं होतं, १९९५ चं, ते याच गाण्याच्या ठेक्यावर उभं आहे. ठेका वाजवणाऱ्या दोघांनी बांधलेली चाल बँडच्या बहुतेक गाण्यांपेक्षा दूर पोचली. मला याचा फार आनंद होतो.

१९८३ च्या 'स्पीकिंग इन टंग्ज'मध्ये ईनो नाही. 'बर्निंग डाउन द हाउस' हे त्यांचं अमेरिकेत पहिल्या दहांत गेलेलं एकमेव गाणं इथलं. 'धिस मस्ट बी द प्लेस'साठी त्यांनी आपापली वाद्यं बदलून घेतली, टीनाने गिटार घेतली. त्यामुळे त्या गाण्यात एक नवशिकेपणाचा गोडवा आहे, कुणीही हुशारी दाखवत नाही. आणि आतल्या नावांच्या यादीत 'डबल व्हायोलिन: शंकर' असं दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. हे एल. शंकर, 'शक्ती' या बँडमध्ये तबल्यावरच्या झाकीरभाईंच्या शेजारी बसणारे! माझ्या बाबांकडे 'शक्ती'ची कॅसेट होती. तिच्यावर मी तिसरीत असताना बोटं आपटायला शिकले. त्या कॅसेटचा धागा असा न्यूयॉर्कच्या बँडपर्यंत येऊन पोचेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता 'स्टॉप मेकिंग सेन्स'. दिग्दर्शक जोनाथन डेमीने डिसेंबर १९८३ मध्ये हॉलीवूडच्या पँटाजेस थिएटरात बँडच्या मैफिली सिनेमासाठी चित्रित केल्या. २०२३ च्या सप्टेंबरात तो सिनेमा नव्याने साफसूफ होऊन मोठ्या पडद्यावर आला आणि मी माझ्या मुलीला घेऊन गेले. रिकामं स्टेज. बर्न एकटा येतो, टेप रेकॉर्डर खाली ठेवतो, त्यातूनच येतोय असं वाटावं असा यंत्राचा ठेका सुरू होतो आणि तो गिटारवर 'सायको किलर' म्हणतो. दुसऱ्या गाण्याला टीना येते, तिसऱ्याला ख्रिस, चौथ्याला जेरी. मग गायिका, तालवाद्यं, बर्नी वॉरेलचे कीबोर्ड. मैफल डोळ्यांसमोर एकेक वाद्य करून रचली जाते. तालवाद्य शिकणाऱ्याला थरांची रचना समजावायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. ख्रिस ड्रमवर बसतो तेव्हा आधीच्या यंत्राच्या ठेक्यात आणि माणसाच्या ठेक्यात काय फरक आहे ते लगेच कळतं. माझी मुलगी तबला शिकलेली नाही, तरी त्या क्षणी तिने माझा हात दाबला.

१९८४ च्या मूळ एलपीवर फक्त नऊ गाणी होती. २०२३ ची दोन तबकड्यांची आवृत्ती आहे तिच्यात अठरा आहेत. हीच घ्या. नऊवालीत ते हळूहळू रचत जाणं हरवतं, पाहुणे सगळे आधीच येऊन बसलेत असं वाटतं.

पुढचं थोडक्यात. 'लिटल क्रीचर्स', १९८५, अमेरिकेत त्यांची सर्वांत जास्त खपलेली स्टुडिओ रेकॉर्ड. कव्हरवर हॉवर्ड फिन्स्टरचं चित्र, किती तरी वेळ बघत बसावं असं. गाणी गोड आहेत, पण इथे गाणं आधी आणि ठेका नंतर आलाय हे कानाला कळतं. 'ट्रू स्टोरीज', १९८६, बर्नच्या सिनेमातली गाणी. आठांतली सर्वांत अशक्त, शेवटी घेतली तरी चालेल. त्यातल्या 'रेडिओ हेड' गाण्यावरून इंग्लंडच्या एका बँडने आपलं नाव ठेवलं, हे मात्र खरं. 'नेकेड', १९८८, पॅरिसमध्ये, तिथे राहणाऱ्या आफ्रिकी वादकांना घेऊन केलेली. ही लोक उगाच विसरतात. 'फ्लॉवर्स'मध्ये जॉनी मारची गिटार कारंज्यासारखी उडते आणि खाली तोच जुना भरवसा असतो. दौरे १९८४ नंतर त्यांनी केलेच नाहीत, आणि १९९१ च्या डिसेंबरात बँड संपल्याचं जाहीर झालं. २००२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात चौघांनी एकत्र वाजवलं.

तेव्हा क्रम असा ठेवा: 'रिमेन इन लाइट', मग अठरा गाण्यांची 'स्टॉप मेकिंग सेन्स', मग 'फिअर ऑफ म्युझिक', मग '७७'. एवढ्या चार आधी. 'स्पीकिंग इन टंग्ज' मिळाली तर सोडू नका. स्पीकर लहान असतील तर हेडफोनवर ऐका, कारण टीना ऐकू आली नाही तर निम्मी रेकॉर्ड गेली. आणि 'वन्स इन अ लाइफटाइम' लावाल तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी शेजारी बसवा, दोघांनी टाळी द्या. माझी अजून पहिल्या मात्रेवरच पडते. मुलीची तिसरीवर पडते.