मिस्त्री, शोरूम, ऑनलाइन की तुर्भे? नाशकात नवं घर लावताना कुठून काय घ्यावं

भाचीने पाथर्डी फाट्याला वन बीएचके भाड्याने घेतला आणि पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. “मावशी, कपाट, पलंग, सोफा, डायनिंग, सगळं एकाच साइटवरून घेतलं तर मोठी सूट मिळतेय. मागवून टाकू?” मी म्हटलं, थांब, रविवारी येते. मी स्वतः दोन घरं लावली आहेत, आधी इंदिरानगरला भाड्याचं आणि नंतर आमचं स्वतःचं. चुकाही दोन्ही वेळा केल्या. त्या रविवारी तिला जे सांगितलं तेच इथे नीट मांडते आहे.

सगळं घर एकाच ठिकाणाहून घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. प्रत्येक वस्तूबद्दल आधी दोन गोष्टी ठरवा. ती जागची किती वेळा हलणार? आणि तिच्या पायाशी पाणी येणार का? ही दोन उत्तरं मिळाली की कुठे जायचं ते बरंचसं ठरतं. किमतीचा विचार त्यानंतर.

पाण्याचं आधी सांगते, कारण माझं नुकसान त्यात झालं. इंदिरानगरच्या घरात एका ऑनलाइन कंपनीचं तीन दारी कपाट घेतलं होतं. दिसायला फार सुंदर, अक्रोडी रंग, आरसा लावलेला. आतून पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी. कपाटाला पाय नव्हते, ते थेट फरशीवर टेकलेलं. आपल्याकडे रोज फरशी ओल्या फडक्याने पुसतात. दुसरा पावसाळा संपेपर्यंत खालची कड पावासारखी फुगली, वरचा कागद सुटला आणि दार घासायला लागलं. पुढे घर बदलताना ते खोललं आणि परत जोडलं, तर बिजागरीचे स्क्रू धरेचनात, नुसते फिरत राहिले. शेवटी भोकांत काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकल्या, तेव्हा कुठे दार उभं राहिलं.

पार्टिकल बोर्ड टाकाऊच असतो असं मात्र मी म्हणणार नाही. भिंतीवर टांगलेलं पुस्तकांचं शेल्फ, पाय असलेलं स्टडी टेबल, फरशीपासून चार-सहा इंच वर राहणारं टीव्ही युनिट यांना तो चालतो आणि स्वस्तही पडतो. फक्त फरशीला टेकणारी, सिंकखालची किंवा बाथरूमच्या दाराशेजारची वस्तू त्याची घेऊ नका. ऑनलाइन पानावर ‘इंजिनिअर्ड वूड’ एवढंच लिहिलेलं असेल तर खाली मटेरियलचा तपशील उघडून वाचा. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) आणि प्लायवूड या तिन्हींना हाच एक शब्द लावतात.

मिस्त्रीकडून करून घेताना

स्वतःचं घर असेल आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपाट हवं असेल, तर मिस्त्रीला पर्याय नाही. आपल्या फ्लॅटमधले कोनाडे, बीम आणि खिडकीच्या कडेची अर्धवट जागा कुठल्याच तयार मापात बसत नाही. मिस्त्री ती इंच न् इंच वापरतो. शिवाय त्याच्या कपाटात गव्हाची कोठी बसते! वर्षाचं धान्य भरणाऱ्या घराला ही साधी गोष्ट नाही. तयार मॉड्युलर किचनमध्ये पन्नास किलोच्या कोठीला जागाच नसते.

पण मिस्त्रीशी बोलताना हिशोब स्वतःला यायला हवा. सात फूट उंच, चार फूट रुंद, दोन फूट खोल असं साधं दोन दारी कपाट घ्या. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे 32 चौरस फुटांची असते. दोन्ही बाजू सात बाय दोनच्या, त्या एका शीटमधून निघतात. दोन दारं तशीच दुसऱ्या शीटमधून. मधला उभा पार्टिशन तिसऱ्या शीटच्या अर्ध्यात बसतो आणि उरलेल्या अर्ध्यातून चार बाय दोनचे दोन तुकडे मिळतात. चौथ्या शीटमधून तसेच आणखी चार. म्हणजे तळ, माथा आणि चार कप्पे झाले. एकूण 18 मिमीच्या चार शीट आणि पाठीला 6 मिमीची एक. ड्रॉवर हवे असतील तर त्याचा माल वेगळा. हे कागदावर काढून ठेवा. कोणी याच कपाटाला सहा-सात शीट सांगितल्या तर शांतपणे विचारा, “कुठे लागतात, दाखवा ना.”

दुसरा प्रश्न दराचा. मिस्त्री ‘स्क्वेअर फुटाला अमुक’ म्हणतो, तेव्हा कुठला फूट ते विचारा. बहुतेक जण दर्शनी माप धरतात, म्हणजे उंची गुणिले रुंदी. वरच्या कपाटाचं ते 28 चौरस फूट होतं. लागलेल्या सगळ्या प्लायचं माप धरलं तर तेच कपाट दीडशे चौरस फुटांच्या आसपास जातं. दोन मिस्त्रींचे दर ताडून बघताना ही गफलत हमखास होते. स्वस्त वाटलेला महाग निघतो आणि महाग वाटलेला स्वस्त.

प्लाय घेताना शीटवरचा आयएसआयचा शिक्का आणि ग्रेड बघा. एमआर म्हणजे नेहमीची कमर्शियल प्लाय. ती हवेतली ओल सोसते, साचलेलं पाणी नाही. बेडरूमला पुरते. किचनच्या खालच्या भागाला आणि बाथरूमलगतच्या कपाटाला आयएस 710ची, म्हणजे मरीन प्लाय घ्या. सगळं घर मरीनमध्ये करायची गरज नाही, तो खर्च वाया जातो. माल शक्यतो स्वतः दुकानातून आणा आणि मिस्त्रीला फक्त मजुरी द्या. वेळ नसेल तर ‘विथ मटेरियल’ द्या, पण प्लायची ग्रेड, सनमायकाची जाडी (1 मिमी), ड्रॉवर सरकायच्या चॅनेलचा आणि बिजागरीचा ब्रँड कागदावर लिहून घ्या.

वेळेचा मात्र भरवसा नाही. आमच्या मिस्त्रीने पंधरा दिवस सांगितले होते. मध्ये गणपती आले, मग तो गावी गेला आणि काम दीड महिना चाललं. तेवढे दिवस घरभर भुसा आणि फेव्हिकॉलचा वास, बाळाला घेऊन मी माहेरी राहिले. म्हणून पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचा मोठा हप्ता दारं लागून पॉलिश झाल्यावरच. पण आज इतक्या वर्षांनी त्या कपाटाचं एकही दार उतरलेलं नाही, हेही तितकंच खरं.

तुर्भ्याची फेरी

नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचं दुकान डिसेंबर 2020मध्ये उघडलं, तेव्हापासून नाशिकमधल्या कितीतरी घरांत ‘एकदा जाऊन येऊ’ चाललेलं असतं. जून 2025मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाट टाळून जाता येऊ लागलं. तरी येऊन-जाऊन तीनशे किलोमीटरच्या वर, पेट्रोल, टोल आणि अख्खा दिवस. एका कॉफी टेबलासाठी हे परवडत नाही. आधी त्यांच्या साइटवर आपला पिनकोड टाकून बघा, घरपोच येत असेल तर डिलिव्हरीचा खर्च धरून हिशोब करा. जायचंच असेल तर यादी मोठी करून जा. आणि कपाटाची खोकी दोन मीटरपर्यंत लांब असतात, छोट्या गाडीत मागची सीट पाडूनही ती नीट बसत नाहीत.

तिथे जाऊन घ्यावं असं काय? माझ्या मते दिवे, शेल्फ, ड्रॉवरमधले कप्पे, मुलांच्या खोलीतलं सामान आणि किचनमधल्या बारीकसारीक वस्तू. यात विचार केलेला दिसतो आणि पैशाला माल चांगला असतो. त्यांचं लॅक टेबल बघा. 55 बाय 55 सेंटिमीटरचं, एका हाताने उचलता येतं, कारण आत भरीव लाकूड नसून मधमाशीच्या पोळ्यासारखी कागदाची जाळी असते. चहाचा ट्रे, पेपर, लॅपटॉप यांना उत्तम. पण आपल्याकडे लहान टेबलावर पाहुणा बसतो, बल्ब बदलायला कोणी चढतो. त्यासाठी ते नाही.

पलंग घेताना एक गोष्ट नक्की बघा. त्यांचे पलंग आणि गाद्या सेंटिमीटरमध्ये असतात, लांबी 200 सेंटिमीटर. आपल्या बाजारातल्या गाद्या 72, 75 आणि 78 इंचांच्या. 78 इंची गादी 198 सेंटिमीटर होते, ती चालते. 75 इंची ठेवली तर पायाशी साडेनऊ सेंटिमीटरची फट, 72 इंची ठेवली तर सतरा! घरात आधीची कापसाची किंवा कॉयरची गादी आहे म्हणून तिथला नुसता पलंग आणू नका. उलट मिस्त्रीकडून पलंग करून घेताना आधी गादी ठरवा, मग तिचं माप त्याला द्या.

घरात लहान मूल असेल तर ड्रॉवरचं उंच कपाट, कुठल्याही कंपनीचं असो, भिंतीला पट्टीने पक्कं करा. मुलं ड्रॉवर उघडून त्यावर पाय देऊन चढतात आणि कपाट पुढे येतं. अशा अपघातांनंतर आयकियाने 2016मध्ये अमेरिकेत सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवली होती. खोक्यात पट्टी आणि स्क्रू दिलेले असतात, पण ड्रिल नाही म्हणून ते तसेच ड्रॉवरमध्ये पडून राहतात. पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील, पण इलेक्ट्रिशियनला बोलावून त्याच दिवशी लावून घ्या.

शोरूममध्ये बसून घ्यायच्या वस्तू

सोफा आणि गादी या दोन गोष्टी फोटोवरून घेऊ नका. कॉलेज रोड, गंगापूर रोड किंवा नाशिक रोड, जवळचं जे असेल तिथे जा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर न्या. हल्लीचे सोफे आणि पलंग फार बुटके असतात. सासूबाईंना आम्ही दुकानातच तीनदा बसवून उठवलं. आधी पसंत केलेल्या सोफ्यावरून त्यांना हात दिल्याशिवाय उठता येईना. शेवटी बसकण जरा उंच असलेला साधा सोफा घेतला, आणि दुपारी त्या आजही तिथेच बसतात.

फोमची डेन्सिटी, म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन, विचारा. बसायच्या गादीला 40 डेन्सिटीचा फोम असेल तर तो लवकर दबत नाही, 28चा वर्षा-दोन वर्षांत खड्डा करतो. सोफा उलटा करून खालचं कापड थोडं उचलायला सांगा. सांगाडा सरळ, कोरड्या लाकडाचा आहे की खोक्याच्या फळ्या ठोकल्या आहेत, ते दिसतं. चांगला दुकानदार हे दाखवायला नाही म्हणत नाही. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. आणि पितृपक्षात जाऊन बघा. गर्दी नसते, दुकानदाराला बोलायला वेळ असतो, भावही नीट होतो. शुभ-अशुभ मनात असेल तर डिलिव्हरी घटस्थापनेनंतर घ्या.

घेण्याआधी लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजा. तीन सीटचा अखंड सोफा कित्येक जुन्या बिल्डिंगमध्ये चढत नाही.

भाड्याच्या घरासाठी मात्र माझी पहिली पसंती पत्र्याच्या कपाटाला. ‘मॉडर्न’ दिसत नाही म्हणून तरुण मंडळी नाक मुरडतात, पण हल्ली पांढरं, राखाडी, साधं, नक्षी नसलेलंही करून मिळतं. चार वेळा घर बदललं तरी त्याचं काही बिघडत नाही, वाळवी लागत नाही आणि फरशी खुशाल पुसा. बनवून घेताना गेज विचारा. आकडा जितका कमी तितका पत्रा जाड, म्हणजे 22पेक्षा 20 गेज चांगला. दाराच्या मध्यभागी अंगठ्याने दाबून बघा, डबा वाजल्यासारखा आवाज आला तर पत्रा पातळ आहे.

भांडीकुंडी आणि बाकीचं

यात फार डोकं लावायची गरज नाही. प्लॅस्टिकचे डबे, झाडू, बादल्या डी-मार्टमधून. स्टीलचे डबे, कुकर आणि पितळी-तांब्याची भांडी भांडी बाजारातून. तिथे आजही भांडं वजनावर मिळतं आणि जुनी मोड देऊन नवं घेता येतं. ऑनलाइन फोटोत जाड दिसणारं पातेलं हातात घेतल्यावर कागदासारखं निघतं, हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असेल. पांघरुणांना सोलापुरी चादर आहेच, पण निफाडची थंडी नाशकातही येते, तेव्हा गोधड्या आणि रजया ठेवायला गादीखाली सामानाची जागा असलेला बॉक्स बेड हवा. वन बीएचकेमध्ये ती जागा सोडून चालणार नाही.

भाचीने शेवटी ऑनलाइन फक्त स्टडी टेबल आणि दोन शेल्फ मागवली. पत्र्याचं कपाट करायला टाकलं आहे, राखाडी रंगात, 20 गेजचं. गादी दुकानात तिने आणि नवऱ्याने झोपून बघून घेतली, 78 बाय 60 इंचांची, आणि तेच माप देऊन बॉक्स बेड सांगितला. सोफा अजून घेतला नाही, तूर्तास सतरंजी आणि दोन लोड. दिवाळीत सासू-सासरे राहायला येणार आहेत, त्यांना बरोबर नेऊन घेऊ म्हणते. उरलेत पडदे. खिडकी मोजून झाली आहे, चार बाय साडेचार फूट. येत्या रविवारी आम्ही दोघी मेन रोडला जातोय.