फोर्टमधली रविवारची पायी फेरी : दादाभाईंच्या सरासरीसाठी तरी नक्की जा

परळच्या एका शाळेत मी नववी-दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. प्रबोधनयुगाचा, म्हणजे सत्ता आणि समजुती बुद्धीवर, पुराव्यावर तपासणाऱ्या युरोपातल्या काळाचा धडा मुलांना फार लांबचा वाटतो. ही फेरी त्या विचारांचे मुंबईतले धागे दाखवते, म्हणून वर्गाला नेण्याआधी ही फेरी स्वतः करून पाहिली.

सुरुवात टाउन हॉलच्या पायऱ्यांवर. 1687 साली न्यूटनचा गतीचे नियम मांडणारा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ आला आणि दोनच वर्षांत, पेशाने वैद्य आणि रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचा सभासद असलेल्या जॉन लॉकने लिहिलं की सरकार लोकांच्या संमतीने चालतं; विश्वासघात केला तर ते बदलता येतं. मग 1748 साली माँटेस्क्यूने मांडलेलं सत्तेचं विभाजन, म्हणजे कायदे करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे वेगळे असावेत हा विचार. फेरी घेणाऱ्या ताईंनी हे सगळं पटापट सांगून टाकलं, ते बरंच झालं, कारण पुढचं आपल्या गावातलं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेऊन 1791 मध्ये पुस्तक लिहिणारे जेम्स मॅकिंटॉश पुढे मुंबईत न्यायाधीश म्हणून आले आणि 1804 साली त्यांनी इथे साहित्य-शास्त्रांची मंडळी जमवली. आजची एशियाटिक सोसायटी त्यातूनच उभी राहिली.

फेरीचा जीव मात्र हुतात्मा चौकाजवळ, दादाभाई नौरोजींच्या पुतळ्यापाशी आहे. दादाभाई एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. ताईंनी आम्हाला कागद-पेन काढायला लावलं. एका जिल्ह्यात 1 लाख एकर, एकरी 10 मण; दुसऱ्यात 10 हजार एकर, एकरी 20 मण. सरासरी किती? बहुतेकांनी 15 सांगितलं. खरा आकडा 11 च्याही आत! जिल्ह्यांच्या सरासऱ्या नुसत्या मिळवून भागायच्या, सरकारी अहवालांतली हीच खोट दादाभाईंनी पकडली होती. मग सरकारचेच आकडे नीट मांडून 1876 साली त्यांनी दाखवलं की भारतीय माणसाचं वर्षाचं उत्पन्न सुमारे 20 रुपये आहे, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राइतकंही ते पुरत नाही. राज्यकर्त्याचा दावा पुराव्यावर तपासायचा, तोही त्याच्याच कागदांवरून: धडा शिकवताना मला नेमकं हेच सांगायचं असतं. माझ्या शेजारचे एक आजोबा तर आकडेमोड संपेपर्यंत हलायला तयार नव्हते.

जोतिरावांनी 1847 च्या सुमारास टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, हेही ताईंनी आवर्जून सांगितलं. माणसाचे हक्क जन्मजात असतील तर जात कुठे बसते, हा पुढचा प्रश्न जोतिरावांचा. लोखंडी पुलाचे आराखडे काढणारा पेन मला इथेच पहिल्यांदा कळला.

एक गोष्ट मात्र खटकली. जॉन स्टुअर्ट मिलने 1823 ते 1858 ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी केली आणि व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या 1859 च्या ‘ऑन लिबर्टी’ या पुस्तकात मागासलेल्या समाजांना त्या स्वातंत्र्यातून सरळ वगळलं. फेरीत याचा उल्लेखच नाही. विचारल्यावर ताईंनी नीट उत्तर दिलं, पण हे न विचारता यायला हवं. त्याशिवाय दादाभाईंची लढाई कोणाशी होती ते अर्धंच कळतं.

दुसरं म्हणजे आवाज. बेस्टच्या बसेस सुरू झाल्या की मागच्यांना काही ऐकू येत नाही. गटाने छोटा माइक घ्यावा. शेवट काळा घोड्याला होतो, तिथून चर्चगेट चालत गाठता येतं. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच.

पाचपैकी चार तारे. दिवाळीनंतर नववीचा वर्ग घेऊन जाणार आहे, वह्या-पेन्सिलींसकट.