गोदेची वाम आणि अंधारातली पेलिकन ईल

आमच्या नाशिकला ‘वाम’ म्हटलं की मासळीवाल्या मावशींची राखेने माखलेली बोटं आठवतात. राख नसेल तर ती हातात ठरतच नाही, आणि पाठीवरचे बारीक काटे बेसावध माणसाला हमखास टोचतात. नदीच्या तळाशी, वाळूचिखलात दिवसभर दडायचं आणि रात्री सोंडेसारखं नाक हलवत किडे, कोळंबी शोधायची, असा हिचा दिनक्रम. गंमत म्हणजे ही खरी ईल, म्हणजे सापासारखा लांबट मासा, नाहीच. फक्त अंगकाठी तशी.

खोल समुद्रातली पेलिकन ईल मात्र ईलच्याच कुळातली, तरी दिसायला मुळीच तशी नाही. सगळं शरीर म्हणजे जबडा आणि त्यामागे चाबकासारखी शेपटी! नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर. ही साधारण ५०० ते ३००० मीटर खाली. २००० मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या जवळपास २०० पट. डोळे इवलेसे, शेपटीच्या टोकाला उजेड देणारा अवयव. तोंड छत्रीसारखं फुगतं, पण पोटात जातात बहुतेक कोळंबीसारखे छोटे जीवच. एवढा थाट कशाला, देव जाणे.

लांबीत दोघी फारशा वेगळ्या नाहीत, मीटरच्या आतबाहेर. रश्श्यासाठी विचाराल तर आपली वामच.