दंडावरचा शुगर सेन्सर: आठ महिने वापरल्यानंतर

पहिल्या दिवशी मी सेन्सरचं अ‍ॅप ७४ वेळा उघडलं. मी काही मोजत बसलो नव्हतो, अ‍ॅपनेच रिपोर्टच्या तळाशी तसं छापलं होतं. आता दिवसातून तीन-चार वेळा उघडतो, तेही आठवलं तर. मधल्या आठ महिन्यांत काय झालं ते लिहितोय. घ्यायचा विचार चाललाय त्यांना उपयोग होईल, आणि घेऊन आठवड्यात वैतागून काढून टाकला त्यांना कदाचित जास्त होईल.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात: टाइप २ डायबेटिस, अकरा वर्षं झाली. आधी नुसत्या गोळ्या होत्या, दोन वर्षांपासून रात्री झोपताना लाँग अ‍ॅक्टिंग इन्सुलिनचं एक इंजेक्शन. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची चाचणी, ती बराच काळ ७.१ च्या आसपास. म्हणजे कागदावर मी शहाणा पेशंट. तरी सकाळी कधी डोकं जड, कधी घामाने बनियन ओला, कधी उगाचच चिडचिड. बोट टोचून पाहिलं तर सकाळची शुगर बरी यायची. शेवटी डॉक्टरच म्हणाले, काही दिवस सेन्सर लावून बघू.

लावण्यात काही नाही. दंडाच्या मागच्या बाजूला डबी टेकवायची, दाबायची, खट्ट असा आवाज येतो आणि झालं. सुई आत जाऊन लगेच बाहेर येते, आत राहते ती केसासारखी, साधारण अर्ध्या सेंटिमीटरची लवचिक तार. बोट टोचण्यापेक्षा कमी दुखतं. तारेवर एक एन्झाइम असतं, ते ग्लुकोजशी प्रक्रिया करतं आणि त्यातून जो बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो त्यावरून आकडा काढला जातो. मूळ कल्पना जुनी आहे, लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ती १९६२ साली मांडली. आपल्या दंडावर यायला तिला बराच वेळ लागला एवढंच.

आता एक गोष्ट डब्यावर मोठ्या अक्षरात हवी होती आणि माहितीपत्रकात बारीक अक्षरात आहे: हा सेन्सर रक्तातली शुगर मोजतच नाही. तो मोजतो त्वचेखाली पेशींच्या मधे जो द्रव असतो त्यातली. रक्तात बदल आधी होतो, या द्रवात पाच-दहा मिनिटांनी, कधी त्याहून उशिरा. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, तसं. शुगर स्थिर असताना फरक पडत नाही. पण जेवणानंतर ती चढत असेल किंवा भराभर चाललात म्हणून उतरत असेल, तर सेन्सर आणि बोट टोचून रक्तातली शुगर मोजणारं ग्लुकोमीटर एकमेकांशी भांडणारच.

मला हे माहीत नव्हतं, म्हणून पहिला आठवडा मी पंच म्हणून घालवला. सेन्सर १९८, मीटर १७६. कोण खोटं? खरं तर कोणीच नाही. नव्या सेन्सरांची सरासरी चूक आठ ते दहा टक्क्यांच्या घरात असते. आणि ज्या मीटरला मी प्रमाण मानत होतो, त्याच्यासाठीच्या आयएसओ १५१९७ या मानकात शुगर १०० किंवा त्यावर असताना १५ टक्के इकडेतिकडे चालतं. शिवाय नव्या सेन्सरचे पहिले २४ तास जरा भरकटलेलेच असतात. मी आता सेन्सर संध्याकाळी लावतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचं म्हणणं कानाआड करतो. चक्कर, घाम, थरथर असं काही वाटलं आणि आकडा त्याच्याशी जुळत नसेल, तर बोट टोचायचं. याला पर्याय नाही.

आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचा, शुगर कुठे चाललीय ते दाखवणारा बाण कामाचा. १०५ आणि बाण आडवा असेल तर निवांत. १०५ आणि बाण सरळ खाली असेल तर मी गाडी चालवायला बसत नाही.

तिसऱ्या आठवड्यातली रात्र. अ‍ॅपमध्ये घरच्या माणसाला आपले आकडे त्याच्या फोनवर दिसतील अशी सोय असते. मुलीने पहिल्याच दिवशी ती जोडून घेतली. ती दुसऱ्या गावी राहते. रात्री पावणेतीनला तिचा फोन.

"बाबा, उठा! बावन्न दाखवतंय. खाली बाण आहे."

मी झोपेत. शेजारी हिची धावपळ, दिवा, ग्लुकोजच्या गोळ्या. दोन गोळ्या तोंडात टाकल्या आणि मग कोणाला तरी शहाणपण सुचलं की मीटर लावू. मीटर म्हणालं ११८. वीस मिनिटांत सेन्सरही गुपचूप ११५ वर आला. गोळ्यांचा असर अजून पुढे होता, तो पुढच्या तासाभरात दिसला, १७० च्या वर.

झालं होतं असं की सेन्सर डाव्या दंडावर आणि मी डाव्या कुशीवर. दंड दाबला गेला की तिथल्या द्रवाचं येणं-जाणं अडतं आणि सेन्सरला वाटतं शुगर कोसळली. हे इतकं नेहमीचं आहे की त्याला नाव आहे, 'कॉम्प्रेशन लो'. आम्हा तिघांची रात्र गेली ती माझ्या कूस बदलण्यावरून. सकाळी मी मुलीला म्हटलं, हे बंद कर. ती म्हणाली, खरी बावन्न असती तर? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिच्या फोनवरचा अलार्म ७० वरून ५५ वर आणला, सेन्सर उजव्या दंडावर लावला, एवढी तडजोड झाली.

आणि त्या तडजोडीतूनच खरी गोष्ट सापडली. सेन्सर उजवीकडे गेल्यावरही रात्री तीनच्या सुमाराला आकडा खाली जातच होता. पण उतार वेगळा. दाबामुळे पडलेला आकडा कड्यावरून पडल्यासारखा पडतो आणि कूस बदलली की तसाच उसळून वर येतो. हा मात्र बारापासून हळूहळू उतरत होता, ६४-६५ वर तासभर रेंगाळत होता आणि पहाटे आपला आपण चढत होता. एका रात्री मुद्दाम तीनचा गजर लावून बोट टोचलं. ६६.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी फोन पुढे केला आणि कालचे, परवाचे आकडे सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. "रोजचं नको. चौदा दिवसांचं एक पान द्या." त्या पानाला एजीपी म्हणतात, अँब्युलेटरी ग्लुकोज प्रोफाइल. चौदा दिवस एकमेकांवर रचून त्यांचा एकच दिवस केलेला असतो. मधे एक जाड रेघ, भोवती गडद पट्टा, त्याबाहेर फिकट पट्टा. रेघ म्हणजे तुमचं नेहमीचं, पट्टे म्हणजे तुम्ही किती हेलकावे खाता ते. ही मांडणी १९८७ सालची आहे, सेन्सर घरोघर येण्याच्या कितीतरी आधीची. डॉक्टरांनी त्या पानावर मिनिटभर नजर फिरवली, तीन वाजताच्या जागी पेनाने गोल केला आणि विचारलं, "झोपता कोणत्या कुशीवर?" त्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर होतं, त्याचा मला थोडा अभिमानच वाटला.

पानावर आणखी एक उभा रंगीत खांब असतो. ७० ते १८० या पट्ट्यात किती वेळ काढला, त्याच्या वर किती, खाली किती. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी मिळून जी उद्दिष्टं ठरवली, त्यांत बहुतेक डायबेटिसवाल्यांसाठी पट्ट्यातला वेळ ७० टक्क्यांहून जास्त आणि ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी असावा असं म्हटलंय. वयस्कर आणि नाजूक प्रकृतीच्या माणसांसाठी ती सैल आहेत, खालची बाजू मात्र त्यांच्यासाठी जास्त कडक. माझं होतं पट्ट्यात ६१, वर ३०, खाली ९. नऊ टक्के म्हणजे दिवसाला दोन तासांहून जास्त. आणि सरासरी? १५७. एचबीए१सी ७.१ म्हणजे साधारण हीच सरासरी. लॅबचा रिपोर्ट चुकीचा नव्हताच. दुपारचे डोंगर आणि रात्रीचे खड्डे एकमेकांत भरून सपाट जमीन दाखवत होता, इतकंच. दोन वर्षं त्या सपाट जमिनीवर आम्ही सगळे खूश होतो.

रात्रीचं इन्सुलिन कमी झालं, दुपारच्या जेवणानंतरच्या चढासाठी एक गोळी बदलली. तीन महिन्यांनी पट्ट्यात ७४, खाली २. एचबीए१सी ७.०. नुसती लॅब बघणारा म्हणेल, काही झालंच नाही. मी म्हणेन, बनियन कोरडा आहे.

आता तक्रारी.

अ‍ॅप हे सगळं दाखवतं, पण कुठे? चौथ्या मेन्यूत, 'रिपोर्ट्स'च्या आत. उघडल्याबरोबर समोर येतो तो या क्षणाचा आकडा, भलामोठा, हिरवा, पिवळा किंवा लाल. पिवळा झाला की पोटात गोळा येतो. जेवणानंतर शुगर थोडी चढणं हा शरीराचा धर्म आहे, डायबेटिस नसलेल्यांचीही चढते, पण तो पिवळा रंग माणसाला गुन्हेगार करून सोडतो. मी एक दिवस पिवळं दिसू नये म्हणून जेवणच टाळलं आणि संध्याकाळी थरथरत बसलो. एकटा आकडा फार थोडं सांगतो, चौदा दिवस बरंच काही सांगतात. अ‍ॅपने नेमकं उलटं महत्त्व दिलंय. बहुधा त्याला मी ७४ वेळा उघडणाराच हवा असावा.

दुसरी तक्रार अलार्मची, आणि ही गंभीर आहे. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि अ‍ॅप मागच्या मागे झोपी गेलं. बॅटरी वाचवायची म्हणून फोननेच त्याला बंद केलं होतं. दोन रात्री अलार्म वाजला नाही, आणि न वाजणारा अलार्म वाजत नाहीये हे कळायलाही काही मार्ग नसतो. नंतर वाचलं की अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२५ मध्ये नेमका याबद्दल जाहीर इशारा दिला होता: फोनची सेटिंग, अपडेट, नवा हेडफोन, कशानेही डायबेटिसच्या उपकरणांचे अलार्म चुकू शकतात. अपडेट आपोआप होणं बंद करा, आणि स्वतः अपडेट केलंत तर त्याच दिवशी अ‍ॅपच्या परवानग्या एकदा तपासा.

तिसरी: डेटा माझा, पण तो हलत नाही. पाच मिनिटाला एक म्हणजे दिवसाला २८८ नोंदी, आठ महिन्यांत सुमारे ६९ हजार. डॉक्टरांच्या हॉस्पिटलची स्वतःची कॉम्प्युटर प्रणाली आहे, तिच्यात यातली एकही नोंद थेट जात नाही. मग मी पीडीएफ काढतो, छापून नेतो, काउंटरवरच्या बाई तो कागद स्कॅन करून माझ्या फाइलला चिकटवतात. आकड्यांचं चित्र, चित्राचा कागद, कागदाचं पुन्हा चित्र. आरोग्याची माहिती एका प्रणालीतून दुसरीत जावी म्हणून फायर नावाचं प्रमाण कधीच तयार झालंय. अडलंय ते वापरण्यावाचून. २०१३ मध्ये एका इंजिनियर बापाने टाइप १ असलेल्या आपल्या लहान मुलाचे आकडे कामावरून बघता यावेत म्हणून स्वतःच कोड लिहून ते उपकरणातून इंटरनेटवर आणले. त्यातून पुढे सेन्सरचे आकडे दुरून बघण्यासाठीचं नाईटस्काउट उभं राहिलं, तेही आईबापांनीच चालवलेलं. आज जी 'घरच्यांना दाखवा' सोय आपण सहज वापरतो, तिची वाट आधी त्यांनी पाडली.

आणि संमतीचा चौकोन. सेटिंग्जमध्ये 'संशोधनासाठी ओळख काढून टाकलेला डेटा वापरू द्या' असं एक बटण आधीपासूनच चालू होतं. संशोधनाला माझा विरोध नाही, पण विचारायला हवं होतं. 'ओळख काढून टाकलेला' हा शब्दही जपून घ्यावा. लटान्या स्वीनी या संशोधिकेने फार पूर्वी दाखवलंय की नुसती जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पिन कोड एवढ्यावरून अमेरिकेतले बहुसंख्य लोक एकेकटे वेगळे काढता येतात. माझ्या आलेखावरून तर मी कधी झोपतो, कधी जेवतो, कोणत्या दिवशी जेवण चुकवलं हेही कळतं. मी ते बटण बंद केलं. तुम्ही चालू ठेवा हवं तर, पण एकदा बघून ठेवा.

किरकोळ गोष्टी: दाराच्या चौकटीला घासून दोन सेन्सर उपटले गेले, वर चिकटपट्टी लावायला लागल्यापासून नाही. एकदा गोंदाने खाज सुटली, जागा बदलल्यावर गेली. अंघोळीला काही होत नाही. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने काही सेन्सरांचा आकडा फसवा वर जातो, आपल्या मॉडेलचं माहितीपत्रक बघा. एमआरआय असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, काही सेन्सर काढावे लागतात. आणि माझ्या मॉडेलमध्ये ज्या फोनवर सेन्सर सुरू केला तो फोन बदलला की सेन्सर वाया. हे फोन बदलल्यावर कळलं.

घ्यावा का? इन्सुलिन घेत असाल, किंवा रिपोर्ट चांगले आणि तब्येत बरी नाही असं कोडं असेल, तर एकदा डॉक्टरांना विचारून जरूर लावा, निदान दोन सेन्सर सलग, म्हणजे पहिल्यातला गोंधळ बाजूला पडेल. नुसत्या कुतूहलासाठी मी नाही सुचवणार.

माझं सध्या असं चाललंय: खालचा अलार्म चालू, वरचा बंद. अ‍ॅपचं चिन्ह फोनच्या शेवटच्या पानावर ढकललंय. रविवारी सकाळी चौदा दिवसांचं पान उघडतो आणि तीन वाजताची जागा बघतो. मुलीचा अलार्म अजून ५५ वरच आहे. गेल्या महिन्यात एकदाच वाजला, मी उजव्या कुशीवर झोपलो होतो. तिने फोन केला तेव्हा आधी विचारलं, "बाबा, कूस कोणती?"